बाळाचे वजन आणि लांबी: मोजायची कशी, तक्त्यावर वाचायची कशी

कुळागर

बाळाच्या खाण्याच्या धाग्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "सात महिने झाले, वजन ७ किलो २००, बरोबर आहे का?" एवढ्यावर उत्तर देता येत नाही. मुलगी असेल तर सात महिन्यांचा मध्य (निम्मी निरोगी बाळे ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडा) ७.६ किलो, म्हणजे ती जराशी खाली. मुलगा असेल तर मध्य ८.३, म्हणजे तो किलोभर मागे. दोघेही ठणठणीत असू शकतात आणि दोघांनाही तपासणीची गरज असू शकते. ते ठरते आधीच्या वजनांवर.

म्हणून वेगळा धागा. इथे विचारताना एवढे लिहा: मुलगा की मुलगी, जन्म कितव्या आठवड्यात, जन्मवजन, आधीची सगळी वजने तारखांसह, आणि कोणते वजन कुठल्या काट्यावर केले ते. लांबी व डोक्याचा घेर असेल तर तोही.

आपल्याकडे बहुतेक बाळांच्या दोन नोंदी असतात, एक आरोग्य केंद्राच्या माता-बाल संरक्षण कार्डावर आणि दुसरी खाजगी डॉक्टरांच्या फायलीत. अर्धे आकडे इकडे, अर्धे तिकडे. पहिले काम म्हणजे सगळे एका तक्त्यावर उतरवून घेणे.

तिजण

आधी काट्याचे बोलूया. "वजन घटले" म्हणून घाबरलेल्यांची वही उघडली की बऱ्याचदा दोन वेगळे काटे निघतात.

बाळाचा ताटलीचा डिजिटल काटा ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणून तो सर्वांत चांगला. पण तो सपाट, कडक जागेवर हवा. उंचसखल फरशीवर चारांपैकी एक पाय अधांतरी राहिला की आकडा चुकतो, तेव्हा खाली जाड प्लायवूड घाला. पंखा बंद करा, ताटलीवर वारा लागला की शेवटचे अंक नाचतात. दुपटे आधी घालायचे, आकडा शून्य करायचा, मग बाळ. बॅटरी कमी झाल्याचे चिन्ह दिसत असेल तर त्या दिवशीचे वजन लिहूच नका.

झोळीचा स्प्रिंगचा काटा (साल्टर म्हणतात तो) २५ किलोचा असतो आणि १०० ग्रॅमच्या खुणांचा. त्याने दोन आठवड्यांतला फरक कळत नाही, महिन्याचा कळतो. टांगताना तबकडी वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर यावी. खालून किंवा बाजूने वाचले की एक खूण इकडची तिकडे होते. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणावा. आपल्या पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, म्हणून जून ते सप्टेंबर ज्ञात वजनाने तपासत राहायचे. दोन लिटरची बाटली आधी रिकामी टांगा, मग मापाने दोन लिटर पाणी भरून टांगा. फरक २ किलो यायला हवा. तांदळाची ५ किलोची पिशवी वापरू नका, पिशवीतच कमीजास्त असते.

बाळ पूर्ण उघडे हवे. ओला डायपर सहज १०० ते २०० ग्रॅमचा भरतो आणि पाच-सहा महिन्यांनंतर एवढीच वाढ कधी कधी अख्ख्या पंधरवड्याची असते. वाळे-करदोटा काढायला आजी तयार नसतील तर नका काढू, पण मग दर वेळी तेच असू द्या आणि वहीत "वाळ्यांसह" असे लिहा. वेळही तीच ठेवा, शक्यतो पाजण्यापूर्वी.

माडाखाली

अंगणवाडीत आईला बाळासकट काट्यावर उभे करतात. ते चालते का?

तिजण

चालते, काटा त्यासाठी बनवलेला असेल तर. आई एकटी उभी राहते, बटण दाबून आकडा शून्य करतात, मग आईने खाली न उतरता बाळ हातात घ्यायचे. मधे उतरली तर पहिल्यापासून. आईने भिंतीला हात टेकायचा नाही.

घरातल्या साध्या काट्यावर "मी बाळासह" वजा "मी एकटी" हे गणित मात्र करू नका. त्यात दोन मापांच्या दोन चुका एकत्र येतात. साठ किलोच्या माणसासाठी २०० ग्रॅम म्हणजे काही नाही, पाच किलोच्या बाळासाठी खूप.

नवेंबाय

मग घरी बाळाचा काटा विकत घ्यावा का? रोज सकाळी वजन केले की लगेच कळेल ना काही बिघडले तर.

म्हादई

रोजच्या वजनातून भीतीशिवाय काही मिळत नाही. एक पाजणे ६० ते १२० ग्रॅम, शी-शू वेगळी. रोजची खरी वाढ पहिल्या तीन महिन्यांत साधारण २५ ते ३० ग्रॅम, पुढे त्याहून कमी. ती या चढउतारात दिसणारच नाही. कमी दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे बाळ घरी आणले आहे आणि डॉक्टरांनी सांगितले आहे, तरच काटा घ्या.

निरोगी बाळाला पहिले सहा महिने महिन्यातून एकदा, सहा ते बारा महिन्यांत दोन महिन्यांतून एकदा एवढे पुरते. पहिले दोन आठवडे याला अपवाद. जन्मानंतर वजन उतरते, ७ टक्क्यांपर्यंत ते अपेक्षितच असते, १० टक्क्यांहून जास्त उतरले तर त्याच दिवशी दाखवायचे. ३ किलोचे बाळ २.७ च्या खाली गेले तर ती ओलांडलेली मर्यादा. १० ते १४ दिवसांत जन्मवजन परत यायला हवे. नाही आले तर आधी बाळ छातीला नीट धरते आहे का ते जाणत्या नर्सकडून पाहून घ्या, डब्याचे दूध नंतर. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले होत असतील तर दूध पोटात जाते आहे.

कुळागर

वेळापत्रकातली एक फट सांगून ठेवतो. सरकारी लसीकरण जन्म, ६, १०, १४ आठवडे आणि मग थेट ९ महिने. वजन लसीच्या दिवशीच करायचे अशी सवय असेल तर साडेतीन ते नऊ महिने काट्याला हातच लागत नाही. आणि वरचे अन्न सुरू होते, वाढ अडखळते ती नेमकी याच काळात. या मधल्या महिन्यांत अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात नुसते वजन करायला जा. लस असलीच पाहिजे असे नाही.

शेणवीचोबांध

लांबीबद्दल लिहितो, कारण तिची मापे वजनापेक्षाही जास्त चुकतात. दोन वर्षांखालचे बाळ झोपवून मोजायचे, म्हणून ती लांबी. दोन वर्षांनंतर उभे करून, ती उंची. तेच मूल उभे राहिले की सरासरी ०.७ सेंमीने कमी भरते. दोन वर्षांच्या आधी उभे करून मोजलेच तर ०.७ मिळवा, नंतर झोपवून मोजले तर ०.७ वजा करा.

मोजायला डोक्याकडची फळी पक्की आणि पायांकडची सरकती अशी लांबीची फळी लागते. अंगणवाड्यांना पोषण अभियानातून ती दिलेली आहे, कोपऱ्यात पडली असेल तर मागा. माणसे दोन लागतात. एकाने डोके पक्क्या फळीला टेकवून दोन्ही हातांनी धरायचे, बाळाची नजर सरळ छताकडे. हनुवटी छातीला टेकली किंवा मान मागे गेली की माप चुकले. दुसऱ्याने शरीर सरळ आहे का पाहून एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबायचे आणि दुसऱ्या हाताने फळी सरकवून तळव्यांना टेकवायची, बोटे वर, टाचा सपाट. एकच पाय सरळ करून मोजतात त्यांची लांबी जास्त येते, कारण कंबर तिरकी होते. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. बाळाला उचलून पुन्हा ठेवायचे, पुन्हा मोजायचे. दोन मापांत ०.७ सेंमीहून जास्त फरक असेल तर दोन्ही सोडून नव्याने.

पलंगावर झोपवून शिंप्याच्या टेपने मोजलेली लांबी नोंदवू नका. गादी दबते, टेप वाकते, दीड-दोन सेंमी सहज इकडेतिकडे. पहिल्या वर्षाची सगळी वाढ सुमारे २५ सेंमी, दुसऱ्या वर्षाची १२ च्या आसपास. त्यात दोन सेंमी म्हणजे काही महिन्यांची वाढ गायब. आणि गेल्या खेपेपेक्षा लांबी कमी आली असेल तर बाळ आखडलेले नसते, दोनपैकी एक माप चुकलेले असते.

दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

म्हादई

डोक्याचा घेर घरी कोणी मोजत नाही, पण डॉक्टरांकडे मोजला का ते विचारा. न ताणणारी टेप, पुढे भुवयांच्या वरून, मागे सर्वांत फुगीर भागावरून, क्लिपा-वेण्या काढून, तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा. जन्मतः मुलग्याचा मध्य ३४.५ आणि मुलीचा ३३.९ सेंमी. पहिले तीन महिने दरमहा साधारण २ सेंमी, पुढचे तीन महिने १, मग वर्षापर्यंत अर्धा. हा आकडा रेषा ओलांडून भराभर वर जाऊ लागला, टाळू फुगलेली वाटली, तर महिनाभर वाट पाहायची नाही. खाली घसरत असेल तरी दाखवायचे.

कुळागर

आता तक्ता. कार्डावरचा आलेख जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली मुले मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची. निवड स्तनपान घेणाऱ्या आणि वाढीला अडथळा नसलेल्या घरांतल्या मुलांची. म्हणून "हे परदेशी आकडे, आमची मुले बारीकच" हा युक्तिवाद पाच वर्षांखालच्या मुलांना लावू नका.

वजनाचे मध्य, लिहून घ्या. मुलगे: जन्मतः ३.३, तीन महिने ६.४, सहा ७.९, नऊ ८.९, बारा ९.६ किलो. मुली: ३.२, ५.८, ७.३, ८.२, ८.९. उणे दोनची रेषा (मध्यापासून दोन प्रमाण विचलने, म्हणजे दोन ठरावीक पायऱ्या, खाली ओढलेली) मुलग्यांना सहा महिन्यांवर ६.४ आणि वर्षाला ७.७, मुलींना ५.७ आणि ७.०. कार्डावर उणे दोनच्या वरचा भाग हिरवा, उणे दोन ते उणे तीन पिवळा, त्याखाली नारिंगी. मुलींचा आलेख गुलाबी, मुलग्यांचा निळा. चुकीच्या आलेखावर ठिपका पडलेला दिसला तर हसू नका, गर्दीच्या दिवशी होते असे.

लांबीचे मध्य: मुलगे जन्मतः ४९.९, सहा महिने ६७.६, वर्षाला ७५.७ सेंमी. मुली ४९.१, ६५.७, ७४.०.

ठिपका देताना वय पूर्ण झालेल्या महिन्यांत घ्यायचे. "सातवा लागला" म्हणजे सहा पूर्ण. तो ठिपका सातवर पडला की मुलग्याचे वजन उगीचच ४०० ग्रॅमने मागे दिसते.

नवेंबाय

डॉक्टरांच्या ॲपमध्ये "१५ पर्सेंटाइल" आले. म्हणजे शंभरात पंधरा मार्क?

कुळागर

नाही. शंभर निरोगी बाळे वजनाने ओळीत उभी केली तर पंधरा याच्या खाली, पंच्याऐंशी वर. पंधराव्या रेषेवरचे बाळ दर महिन्याला पंधराव्या रेषेजवळच असेल तर तक्रारीला जागा नाही. आई-वडील दोघेही बुटके-सडपातळ असतील तर त्याने पन्नासाव्या रेषेवर का यावे? उलट पंच्याऐंशीवरून तीन-चार महिन्यांत पंधरावर उतरलेले बाळ आणि नेहमीच पंधरावर असलेले बाळ यांचा आजचा आकडा एकच, पण डॉक्टरांना पहिलेच दाखवायचे.

माडाखाली

चौथ्या महिन्यापासून वाढ मंदावली की दूध पुरत नाही असे समजावे ना? आमच्याकडे तेव्हापासूनच उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ सुरू करतात.

म्हादई

वाढ सगळ्यांचीच मंदावते, आलेखच तसा वळतो. मुलग्यांचा मध्य पहिल्या तीन महिन्यांत ३.१ किलोने वाढतो, पुढच्या तीनांत १.५ ने, सहा ते नऊमध्ये १ किलोने आणि नऊ ते बारामध्ये फक्त ७०० ग्रॅमने. रेषेला धरून मंदावले तर ते मंदावणे नव्हेच.

निवळीचा हिशेब करून बघा. १० ग्रॅम तांदळात सुमारे ३५ उष्मांक. २०० मिली पाण्यात शिजवले आणि सगळे पोटात गेले तरी १०० मिलीला १७-१८, नुसती वरची निवळ घेतली तर त्याहून कमी. आईच्या दुधात १०० मिलीला ६५ ते ७०. पोट निवळीने भरले की बाळ तेवढे दूध कमी ओढते, म्हणजे वजन वाढवायला दिलेल्या वस्तूने उष्मांक घटतात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, वर पाणीही नाही.

माडाखाली

पटले. पण चांगले साडेतीन किलोंचे जन्मलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत खालच्या रेषेवर येते, तेव्हा सगळे आईलाच बोलतात.

कुळागर

जन्मवजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर जास्त अवलंबून असते, आई-वडिलांची ठेवण नंतर हळूहळू दिसू लागते. मोठे जन्मलेले बाळ पहिल्या दीड-दोन वर्षांत एखादी रेषा खाली सरकून स्थिरावते, लहान जन्मलेले वर चढते. सरकणे सावकाश असेल, लांबीही बरोबरीने सरकत असेल, बाळ खेळते-हसते असेल तर आईला बोलू नये. दोन मोठ्या रेषा ओलांडल्या, किंवा वर्षाखालच्या बाळाचे वजन महिनाभर जागचे हलले नाही, तर मात्र कारण शोधायचे.

शेणवीचोबांध

कमी दिवसांच्या बाळांचे कोणी लिहिले नाही. ३२ आठवड्यांवर जन्म म्हणजे ८ आठवडे आधी. आज ते २४ आठवड्यांचे असेल तर तक्त्यावर ठिपका १६ आठवड्यांवर. दोन वर्षांचे होईपर्यंत असेच वजा करत राहायचे. लांबी आणि डोक्याच्या घेरालाही तेच वय. लशी मात्र जन्मतारखेपासूनच्या वयाने, तिथे वजाबाकी नाही. ४० आठवडे भरायच्या आधीचा काळ या तक्त्यावर नाहीच, त्यासाठी फेंटन किंवा इंटरग्रोथचे वेगळे आलेख नवजात विभागात वापरतात. बांबोळीला गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) सुटताना त्या आलेखाची प्रत मागून घ्या.

तिजण

सहा महिन्यांनंतर दंडाचा घेरही बघा. डावा दंड, खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण, हात सैल सोडलेला, टेप कातडीला लागेल पण रुतणार नाही. १२.५ सेंमीच्या वर ठीक, ११.५ ते १२.५ मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली तीव्र. ते थेट दवाखान्यात.

आणि पायाच्या पाठीवर अंगठा तीन सेकंद दाबून बघा. दोन्ही पायांवर खळगा राहिला तर वजन हिरव्या पट्ट्यात असले तरी उपयोग नाही, सुजेचे पाणी वजनात मोजले जाते. हेही तातडीचे.

म्हादई

सरावासाठी कल्पित आकडे. मुलगी, पूर्ण दिवसांची. जन्म २.८, सहा आठवडे ४.१, दहा आठवडे ४.८, चौदा आठवडे ५.३, सहा महिने ६.४, नऊ महिने ६.८. सगळे एकाच केंद्रातल्या काट्यावर. काय दिसते?

नवेंबाय

सगळे हिरव्यातच आहे की. नऊ महिन्यांची उणे दोनची रेषा ६.५ ना?

म्हादई

हिरव्यात आहे, म्हणूनच सुटते. सहा महिन्यांपर्यंत ती उणे एकच्या रेषेला धरून चालली आहे, ती तिची वाट. त्या वाटेने नऊ महिन्यांवर ७.३ यायला हवे होते. सहा ते नऊमध्ये ४०० ग्रॅमच वाढले, मुलींचा मध्य या काळात ९०० ने वाढतो. पिवळ्यात उतरायची वाट पाहिली तर आणखी महिने जातील.

आधी त्याच काट्यावर पुन्हा वजन. तेच आले तर ताट बघायचे. सहा ते आठ महिन्यांत दुधाखेरीज सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरामध्ये ३००, पुढे दोन वर्षांपर्यंत ५५०. पातळ पेज आणि चहाच्या चमच्याने भरवलेले सत्त्व यांतून ते होत नाही. चमचा वाकडा केला तरी पटकन ओघळणार नाही इतके दाट हवे. मऊ भात आणि मुगाची डाळ, वर एक लहान चमचा तूप किंवा खोबरेल (त्यातच ४०-४५ उष्मांक), अंडे, काटे नीट काढून कुस्करलेला बांगडा किंवा लेपी. नऊ महिन्यांवर तीन-चार वेळा. वर्षापर्यंत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको.

ताट ठीक असूनही वाढत नसेल तर डॉक्टर रक्तातले लोह, लघवीतला जंतुसंसर्ग, सतत जुलाब, भरवताना होणारा दम यांकडे बघतील. टॉनिकची बाटली यांपैकी कशावरही उपाय नाही.

रायबंदर_ते_स्विंडन

छान धागा, देव बरे करो. एक शंका. इथे ब्रिटनमध्ये बाळाच्या नोंदींच्या लाल पुस्तकात नऊ रेषा आहेत आणि मुलाचे वजन ९ पर्सेंटाइलच्या रेषेवर, गोव्यात सुट्टीत डॉक्टरांनी "३ आणि १५ च्या मधे" सांगितले. दोन तक्ते वेगळे का?

कुळागर

दोन आठवडे ते चार वर्षांपर्यंत आकडे तेच, रेषा वेगळ्या ठिकाणी ओढल्या आहेत. ब्रिटनमध्ये ०.४, २, ९, २५, ५०, ७५, ९१, ९८, ९९.६. आपल्याकडे ३, १५, ५०, ८५, ९७. नऊ हा तीन आणि पंधराच्या मधेच येतो, त्यामुळे दोघेही तेच सांगत आहेत. सुट्टीतले वजन त्या पुस्तकात लिहा, पण शेजारी काटा वेगळा असल्याची नोंद करा. आणि पौंडांतले आकडे असतील तर ०.४५४ ने गुणून किलोत आणा. पौंड-औंसांची दशांश चिन्हासारखी नोंद झाली की घोळ होतो: १५ पौंड ८ औंस म्हणजे १५.८ नव्हे, साडेपंधरा, म्हणजे ७.०३ किलो.